वंशावळीत बाया कुठे आहेत? आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आहे

पांढरीची लेक
मागच्या उन्हाळ्यात पुतण्याच्या जात पडताळणीसाठी वंशावळ काढावी लागली. आम्ही ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद हवा. मोठे बाबा आणि माझा भाऊ यांनी बसून दोन दिवसांत ती तयार केली. सगळ्यात वर मूळ पुरुष, त्याच्याखाली तीन मुलगे, मग फांद्या फुटत फुटत पुतण्यापर्यंत. सहा पिढ्या, एकोणचाळीस नावं. प्रतिज्ञापत्र झालं, दाखला मिळाला, घरात पेढे वाटले.

तो कागद फाइलीत लावताना मी सहज नावं मोजली. एकोणचाळीसांत एकही बाई नाही. माझी आई नाही, आजी नाही. ज्या आत्याआजीनं वरच्या दोन पिढ्या तोंडपाठ सांगितल्या म्हणून हा कागद पुरा झाला, तीही त्यात नाही. कार्यालयाला बापाकडची जात पाहायची असते, हे मला कळतं. पण घरातले लोकही याच कागदाला 'आपला इतिहास' म्हणायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही. दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसले.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. आत्याआजी ही आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, सगळ्यात धाकटी बहीण, दिग्रसला लेकाकडे असते. नजर गेली आहे, कान शाबूत आहेत. तिला सन विचारून उपयोग नाही. "मानमोडी आली तवा मायच्या पोटात मोठा दादा होता," असं ती सांगते. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्या हिशेबानं थोरले आजोबा त्या वर्षाच्या अखेरीस नाहीतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मले असणार. तहसीलीत कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं पुस्तक पाहिलं, तर फेब्रुवारी १९१९ च्या पानावर पणजोबांचं नाव, पुढे जात, पुढे 'मुलगा'. त्याच्या मागची पानं उलटली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ चे मृत्यू संपता संपत नव्हते. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पानाच्या तळाशी येईपर्यंत लिहिणाऱ्याचं अक्षर मोडून गेलं होतं.

त्याच पुस्तकात १९२२ मध्ये पणजोबांच्या नावापुढे 'मुलगी' आहे आणि १९२३ मध्ये मृत्यूच्या बाजूला 'मुलगी, वय ८ महिने'. ही पोर आमच्या घरात कोणाला माहीतच नाही. आत्याआजीलाही नाही, ती पुढे सात-आठ वर्षांनी जन्मली.

माझी खरी अडचण पणजीची आहे. या सगळ्या लेकरांची आई. ती गेली तेव्हा आत्याआजी चार-पाच वर्षांची. नाव विचारलं तर म्हणते, "तिले सारे नेरवालीच म्हनत. बाईचं नाव कोन घ्याचं तवा?" नेर आमच्यापासून फार लांब नाही. तिथं ओळखीतून विचारपूस केली, काही हाती लागलं नाही.

दुसरी अडचण नाजूक आहे. पणजी गेल्यावर पणजोबांनी पाट लावला, म्हणजे एका विधवेशी दुसरा संसार मांडला. त्या दुसऱ्या पणजीचं नाव सगळ्यांना पाठ आहे, तिची मुलं-नातवंडं म्हणजे आमचे चुलते. त्यातले एक काका म्हणतात, आमच्या आजीला 'पाटाची' लिहायचं नाही. काय करावं? ज्यांनी असं काही लिहिलं आहे त्यांनी सांगा.

जुना पटवारी
ताई, ३१ वर्षं पटवारकी केली, वऱ्हाडातल्याच दोन जिल्ह्यांत. आधी कागद कसे साचत गेले ते सांगतो, म्हणजे कुठं शोधायचं आणि कुठं वेळ घालवायचा नाही ते कळेल.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. त्याच्या आधीचं जे असेल ते फारसीत नाहीतर मोडीत, आणि त्यात देशमुख, देशपांडे, पाटील या वतनदारांची नावं असतात. साध्या कास्तकाराचं नाव सापडलं तर नशीब समजा. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि रयतवारी बसली. मधे सारा वसूल करणारा मालगुजार नाही, वावर ज्याच्याकडे त्याचं नाव सरळ सरकारी वहीत. त्यामुळे वऱ्हाडातल्या शेती असलेल्या घराला तीन-चार पिढ्या मागे जाणं तुलनेनं सोपं आहे. फेरफार म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढल्याची नोंद. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार नंबर धरा, तो फेरफार काढा, त्यात आधीच्या फेरफाराचा उल्लेख असतो, तो काढा. अशी विहिरीत पायरी-पायरीनं उतरल्यासारखी गत आहे. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मिळाला तर त्या सालचं चित्र एका ठिकाणी दिसतं. अकोला, अमरावतीकडचे असाल तर 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जुने फेरफार घरबसल्या दिसतात.

आता बाईचं. जुन्या कागदात बाई तीन शब्दांच्या मागे उभी असते. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे अमक्याची विधवा, आणि लेकरं लहान असताना नवरा गेला तर 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञानांची पालनकर्ती. पुरुषापुढे 'वल्द' आणि बापाचं नाव, तसं हे. बेवा झाली की तिचं स्वतःचं नाव लिहावंच लागतं, कारण वावर तिच्या नावावर चढतं. तुमची पणजी नवऱ्याच्या आधी गेली. फेरफारात ती येणारच नाही, तिथं शोधू नका.

कोतवाल बुकात मृत्यूची बाजू पाहा. आत्याआजी १९३० ची धरली तर १९३३ ते १९३६ ही चार वर्षं.

मोडीवाला
पटवारी काकांनी फारसी-मोडीचा विषय काढला म्हणून थोडं. घरात जुने कागद सापडले तर आधी घड्या उलगडू नका, दमट हवेत एक-दोन दिवस ठेवून मग हलक्या हातानं उघडा. मोडी वाचता येत नसेल तर पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात, नागपूरलाही त्यांचं अभिलेखागार आहे. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती, हे लक्षात ठेवून मुंबईच्या आधी तिथं जा.

सन पाहताना घाई नको. शकात ७८ मिळवले की इसवी सन साधारण निघतो. वऱ्हाडातल्या जुन्या कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. फसली १३१० म्हणजे १९००-०१. एका ओळखीच्या घरात फसलीला शक समजून मूळ पुरुष पाचशे वर्षांनी मागं नेला होता, सगळी वंशावळ उलटी झाली होती.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच आणि शब्द जोडून लिहिलेले. आडनाव वाचताना दोन जणांनी वेगवेगळं वाचून पाहावं, मगच शाईनं लिहावं.

वैनगंगाकाठ
आमच्या भंडाऱ्याकडे रीत वेगळी. इथं मालगुजारी होती, ती ३१ मार्च १९५१ ला संपली. त्यामुळे आमच्या आज्याचं नाव शोधायचं तर मालगुजाराच्या गावाच्या बंदोबस्ताच्या कागदात, रयत म्हणून. वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद नक्की पाहा. त्यात गावाचे रिवाज लिहिलेले असतात, जळण कुठून आणायचं, गुरं कुठं चारायची, तलावाचं पाणी कोणी कसं घ्यायचं. आमच्या गावचा तलाव म्हणजे मामा तलाव, माजी मालगुजारी. आमच्या घराण्याची गोष्ट त्या तलावाच्या पाळीपासून सुरू होते, वंशावळीपासून नाही. घराणं लिहिताना गावही लिहा, एवढंच सांगणं.

पांढरीची लेक
काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे परवा जाऊन पाहिलं. सापडली.

१९३५, श्रावणातला दिवस. नावाच्या रकान्यात लिहिलं आहे 'जौजे' आणि पुढे पणजोबांचं नाव. वय ३५. कारण, ताप. बस.

मी किती तरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. नक्कल काढणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी घाई केली नाही. म्हणजे ती १९०० च्या आसपास जन्मली, पंधराएक वर्षांची असताना आमच्या घरी आली, मानमोडीत वाचली, एक लेक आठ महिन्यांची होऊन गेली ती सोसली आणि पस्तिसाव्या वर्षी संपली. एवढं सगळं कळलं, नाव तेवढं कळलं नाही.

निळी पहाट
ताई, तुमचा धागा तीन दिवस वाचते आहे. माझं घर वर्धा जिल्ह्यातलं. आमच्याकडे सातबारा नाही, फेरफार नाही, आठ-अ नाही. वावरच नव्हतं. जमिनीच्या कागदावरून इतिहास काढायचा म्हटलं तर आम्ही या गावात राहिलोच नाही असं निघेल.

पण तुम्ही ज्या कोतवाल बुकाबद्दल लिहिता आहात, माझा पणजा ते पुस्तक वाहणारा कोतवाल होता. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की ते ध्यानात ठेवायचं आणि पुस्तक बगलेत मारून ठाण्यात जायचं. पाऊस असो, नदीला पाणी असो. त्याला अक्षर येत नव्हतं. तो तोंडानं सांगायचा आणि तिथं बसलेला लिहायचा. साऱ्या गावाचे जन्म-मरण त्याच्या डोक्यातून त्या कागदावर उतरले. माझी आजी सांगायची, तो वाटेनं नावं पुटपुटत जायचा, म्हणजे विसरायला नको. आज ज्या घरांची मुलं त्या पानांच्या नकला लावून दाखले मिळवतात, त्यातल्या कितीतरी घरांच्या ओसरीवर त्याला बसायची मुभा नव्हती.

मी ते पुस्तक पाहायला गेले तेव्हा मला त्याच्या स्वतःच्या लेकराची नोंद पाहायची होती. मिळाली. इतरांसारखीच, बापाचं नाव, जात, 'मुलगा'. हा मुलगा म्हणजे माझे आजोबा. जातीच्या रकान्यात जो शब्द आहे तो मी माझ्या वहीत तसाच उतरवला. घरातल्या काहींना तो नको होता. पण तो काढला तर १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी माणसं नागपूरला कशासाठी गेली, ते पुढच्या पोरांना कळणार कसं?

त्या दिवसाबद्दल माझी मोठी आत्या सांगते. ती नऊ वर्षांची होती. आजीनं पांढरं लुगडं आदल्या रात्री धुऊन चुलीजवळ वाळवलं, कारण दुसरं नव्हतं. ज्वारीच्या भाकरी आणि तिखट फडक्यात बांधलं. परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव आजीनंच पाटीत घालून नदीत सोडले, आजोबांनी नाही. हे मी आत्याच्या शब्दांत जसंच्या तसं लिहिलं आहे, तिची बोली सुधारली नाही.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात माझ्या बाबांची जन्मतारीख १ जुलै आहे, काकांची १ जुलै, शेजारच्या तिघांची १ जुलै. गुरुजींनी घातलेली. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी शाळेच्या रजिस्टरापासून सुरुवात करावी, पण तारखेवर विश्वास ठेवू नये.

जुना पटवारी
निळी पहाट ताई, मी आयुष्यभर त्या नकला दिल्या. नावं पुटपुटत जाणारा माणूस एकदाही डोळ्यांपुढं आला नाही. लिहिलंत, बरं केलंत.

पुण्यातला वऱ्हाडी
पांढरीची लेक, तुमच्या घरातलं कोणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला, गयेला किंवा काशीला गेलं होतं का? तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की मागच्या पिढ्यांनी येऊन सांगितलेली नावं निघतात. बायांची नावं तिथं मिळण्याची आशा जास्त, कारण श्राद्धाच्या वेळी बाप, आजा, पणजा यांच्या जोडीला आई, आजी, पणजी यांची नावंही घ्यावी लागतात. मी माझ्या खापरपणजीचं नाव त्र्यंबकेश्वरला पाहिलं. तोवर ती आमच्यासाठी 'बाबांची आजी' एवढीच होती.

पांढरीची लेक
विचारलं. आत्याआजी म्हणते, माहूरच्या पुढं आमच्यातलं कोणी गेलंच नाही. "तेवढी भाकर कोनाजवळ होती?"

सागवान
चंद्रपूर जिल्ह्यातून. आम्ही गोंड. आमच्याकडे वंशाची आठवण ठेवणं हे परधानाचं काम, तो किंगरी वाजवून देवांची आणि कुळाची कथा लावतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे आमचे भाग, आणि सोयरीक आपल्या भागाच्या बाहेरच होते. म्हणून आई कुठल्या देवांची, हे विसरून चालतच नाही. मामाच्या घरी पोरगी परत देण्याला दूध परत करणं म्हणतात. बाई कुठून आली हे घरात रोज लागतं, तर ते टिकतं. तुमच्याकडे पणजीच्या माहेराशी येणं-जाणं कधी तुटलं ते शोधा. तिथंच नाव हरवलं असेल.

तिफन
सागवान भाऊ बरोबर बोलले, पण येणं-जाणं का तुटतं तेही बोलावं लागेल. मी वाशीमकडचा, स्वतः कास्तकार. आमच्या घरात बाप गेल्यावर वारस नोंदीत आम्ही तिघा भावांची नावं लावली. दोन बहिणींची लावली नाहीत. कोणी ठरवून केलं असं नाही, पण कोणी थांबवलंही नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानं लेकीला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये लग्न न झालेल्या लेकींना आणि केंद्रानं २००५ मध्ये सगळ्याच लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. तरी गावात वंशावळ काढताना बहीण आली की लोकांचा हात अडखळतो, नाव लिहिलं की हिस्सा लिहिला असं वाटतं.

मी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर अडलो. बहिणींची नावं वहीत लिहायची आणि फेरफारात नाही, हे जमेना. शेवटी भावांशी बोललो. सहा महिने घरात बोलणं बंद होतं. नंतर दोघींची नावं चढली. धाकटीनं लगेच हक्कसोड करून दिलं, मोठीनं नाही केलं, तिचा तो हक्क आहे. वहीमुळं वावराचे तुकडे झाले असं माझी वहिनी अजून म्हणते. मला तसं वाटत नाही.

पाटाबद्दल माझं मत, लिहा. पाट ही आपल्याकडची रीत होती, चोरी नव्हती. विधवा बाईला दुसरं घर मिळायचं. जातपंचायत, भाऊबंद बोलावून लागायचा.

काळी माती
तिफनशी मी सहमत नाही. रीत होती हे तुम्ही-आम्ही म्हणतो, पण ज्या घरात सणाच्या पंगतीत पाटाच्या लेकरांना टोमणे ऐकावे लागले त्या घराला विचारा. माझी आजी पाटाची. लग्नकार्यात तिला हळद लावायला पुढं होऊ देत नसत, हे मी लहानपणी पाहिलं आहे. मेलेल्या माणसाचं खरं लिहिण्यासाठी जिवंत माणसाला पुन्हा तेच ऐकायला लावायचं का? ताई, काकांना विचारल्याशिवाय एक शब्द लिहू नका. त्यांनी नाही म्हटलं तर थांबा. वही दहा वर्षांनीही लिहिता येईल.

दगडी जातं
पाटावर मी बोलत नाही, तो तुमच्या घरचा विषय. पण ताई, तुम्ही भांडी पाहिली का?

माझ्या आजीच्या आंदणाच्या भांड्यांवर तिच्या बापाचं नाव टिंबाटिंबांनी ठोकलेलं आहे. भांडी विकणारा तिथंच बसून छिन्नीनं ठोकून द्यायचा. कोणाकडून आणि कुठल्या गावाहून, एवढं तरी असतंच. कागद वाळवी खाते, पितळ खात नाही. वाटण्या झाल्या तेव्हा पितळेची भांडी कोणाच्या वाट्याला गेली ते पाहा, सगळ्या चुलत घरांत विचारा. जुनं गुंड, घंगाळ, कोपर, गडवा, काही मोडीत गेलं नसेल तर. बहुतेक वेळा कोठ्यात नाहीतर माळ्यावर असतं, त्यात सरकी नाहीतर बियाणं भरलेलं.

पांढरीची लेक
तीन आठवडे इथं आले नाही, माफ करा. सगळं सांगते.

काळी माती, तुमचं वाचून मी वही बंद करून काकांकडे गेले. काही लिहिलेलं नाही, विचारायला आले, म्हटलं. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तुह्या आजाले अन् माह्या बापाले तिनं एका ताटात जेवू घातलं. आपलं पोरगं अन् सवतीचं पोरगं असं तिनं कधी केलं नाही. थे लिहिशीन का?" म्हटलं, लिहीन, तुम्ही सांगा तसंच. "मंग पाट बी लिही." त्या दिवशी काका संध्याकाळपर्यंत बोलत होते. तुरीचं वावर डवरताना ती कशी दोन्ही पोरांना बांधावरच्या बाभळीखाली निजवायची, साप निघाला तेव्हा तिनं कोणाला आधी उचललं. आबाजींना. सवतीच्या लेकराला. हे माझ्या आबाजींनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांना आठवत नसेल, ते लहान होते.

उठताना मी भांड्यांचं विचारलं. काकू म्हणाली, कोठ्यात एक गुंड आहे, पाटाच्या आजीनं तो कधी वापरायला काढला नाही आणि कधी विकूही दिला नाही. "मोठीचा हाय," म्हणायची. त्यात खरंच पऱ्हाटीचं जुनं बियाणं होतं. गुंड काळा ठिक्कर पडलेला. काकूनं आणि मी चिंच आणि राखेनं घासला. खालून घासत वर येताना गळ्याजवळ बोटाला खरखर लागली. काकूनं पाण्याचा तांब्या ओतला आणि टिंबं दिसायला लागली. एका पुरुषाचं नाव, आडनाव, आणि 'मु.' लिहून गाव. गाव नेर नाही, नेर तालुक्यातलं एक खेडं. नेर हे त्यांच्या बाजाराचं गाव, म्हणून आमच्या लोकांनी तिला नेरवाली केलं. म्हणून मला नेरला काही सापडत नव्हतं.

त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, तिथल्या माणसांना तसं विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी भाऊ आणि मी मोटारसायकलवर गेलो. गुंडावरचं आडनाव सांगितल्यावर पारावरच्या माणसानं सरळ घर दाखवलं. मातीचं घर, पुढे पत्र्याची पडवी. पंच्याऐंशीच्या आसपासचे एक आजोबा खाटेवर होते. गुंडावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या मुलाचा हा मुलगा, म्हणजे माझ्या पणजीचा सख्खा भाचा. मी सगळं सांगितलं. ते उठून बसले. म्हणाले, "म्हंजे तुमी दारव्ह्याच्या आत्याचे!"

ते स्वतः तिला कधी भेटले नव्हते, ती त्यांच्या जन्माआधीच गेली. पण त्यांच्या घरात ती होती. दारव्ह्याची आत्या तापानं गेली तेव्हा निरोप तिसऱ्या दिवशी पोचला, नाल्याला पूर होता, बाप आणि भाऊ अडकले, माती मिळाली नाही, म्हणून त्यांच्या आज्यानं पुढे जन्मभर श्रावणात दारव्ह्याच्या बाजूला तोंड करून पाणी सोडलं. हे त्यांना त्यांच्या बापानं सांगितलेलं. कोतवाल बुकातला दिवस श्रावणातलाच आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

मी विचारलं, आजोबा, आत्याचं नाव काय होतं?

ते विचार करत राहिले. सुनेला हाक मारली, थोरल्या वहिनीला बोलावून आणलं, त्यांनाही विचारलं. माहीत नाही. "आमी तर दारव्ह्याची आत्याच म्हनतो."

आमच्या घरी ती नेरवाली आणि त्यांच्या घरी दारव्ह्याची.

गुंड सोबत नेला होता. आजोबांनी तो मांडीवर घेतला, टिंबांवरून बोट फिरवलं, त्यांना वाचता येत नाही. परत निघताना त्यांच्या सुनेनं माझी ओटी भरली. माहेरवाशिणीसारखी.

वहीत तिचं पान केलं आहे. जन्म १९०० च्या सुमारास, मृत्यू श्रावण १९३५, बापाचं नाव, गाव, लेकरं पाच, त्यात १९२२ ची ती पोरगीही धरली आहे. नावाच्या जागी पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली आहे.

निळी पहाट
ताई, रेघ पुसू नका.

जुना पटवारी
पेन्सिलीचीच राहू द्या, अजून एक दार उघडं आहे. नेर तालुक्यातल्या त्या गावचं १९०० च्या आसपासचं कोतवाल बुक शिल्लक असेल तर तिच्या बापाच्या नावापुढे 'मुलगी' कुठं कुठं आहे ते पाहायचं. नाव नसेल, पण जन्माचा दिवस मिळेल. त्या आजोबांना हेही विचारा, त्यांच्या घरी आज्याच्या वेळचं शेतीचं भांडण, गहाणखत, वाटणीपत्र काही झालं होतं का. वाटणीपत्रात कधी कधी दिलेल्या लेकींची नावं येतात. कागद मोडीत असला तर मोडीवाला भाऊ इथं आहेतच.

गाव नंबर मला निरोपात कळवा. मी सोमवारी माझ्या पेन्शनच्या कामानं तिकडंच जातो आहे, अर्ज लावून ठेवतो.